घरभेटीचा पाहुणा

“अहो, नुसतं बघताय काय? धरा की दुसरी बाजू!”

युवराजशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण माझा स्वभावच तसला. समोरचा कोण, कुठला, हे विचारायच्या आधी त्याला कामाला लावायचं!

मे महिना होता. पाचोऱ्याचं ऊन सकाळीच डोक्यात शिरत होतं. आमच्या गल्लीच्या मधोमध शेजारच्या कुंदाबाईंचा मरून रंगाचा सोफा अडकलेला आणि त्याच्या एका टोकाला मी, ओढणी कमरेला खोचून, घामाने निथळत उभी. दुसऱ्या टोकाला पप्पा होते. ते “वांगी घेऊन येतो” म्हणून जे सटकले ते सटकलेच.

आणि समोरून हा आला. उंच, सावळा. डोक्याला पांढरा रुमाल, खांद्याला बॅग, हातात फाइल. मला वाटलं, कूलर दुरुस्त करणारा असेल.

“आधारभाऊंचं घर...” त्याने सुरुवात केली.

“माझेच पप्पा ते! तिथंच न्यायचाय. उचला!”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सोफ्याकडे. मग फाइल बॅगेत कोंबली आणि खरंच उचलला हो सोफा! मी मागे-मागे चालत होते, तो पुढे-पुढे येत होता, आणि मधल्या सोफ्यावरून त्याचे डोळे हसत होते.

“लग्न आहे का कोणाचं?”

“लग्न कसलं, घरभेट आहे. जळगावच्या झमकूबाई ट्रस्टचा माणूस येणारे. मला शिष्यवृत्ती द्यायची की नाही ते ठरवायला आमची परिस्थिती बघणार.”

तो थांबला. सोफाही थांबला.

“परिस्थिती बघायला येणार... म्हणून सोफा?”

“ते माझ्या आईला विचारा! कालपासून डोकं फोडतेय मी तिच्यापुढं. अजून कूलर आणायचाय. चला, थांबू नका.”

“आणि तो ट्रस्टचा माणूस कसा आहे?”

“मला काय ठाऊक! असेल कोणीतरी पोट सुटलेला. पान चघळत ‘उत्पन्न किती, उत्पन्न किती’ विचारणारा.”

त्याला एकदम जोराचा ठसका लागला. धुळीचा असेल, म्हटलं मी. आई आतल्या खोलीत स्वयंपाकात गुंतलेली. आम्ही सोफा ठेवला, कूलर खिडकीत बसवला, मी दिलेलं तांब्याभर पाणी त्याने उभ्या-उभ्या संपवलं. नाव विचारावं म्हणून मी वळले, तर तो दारातून बाहेर पडलासुद्धा.

“येतो मी,” जाता-जाता म्हणाला. “तुमच्याकडे पाहुणा यायची वेळ झाली.”

आता माझी गोष्ट थोडक्यात सांगते. मी संघमित्रा. पप्पा लोडिंग रिक्षा चालवतात, आई द्रौपदाबाई अंगणवाडीत मदतनीस आहे. बी.ए.ला मी कॉलेजात पहिली आले आणि मनाशी ठरवलं, वकील व्हायचं. तोंड तर तिखट आहेच, त्याचा उपयोग तरी होईल! पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. नंबर असा लागला की त्यांनी स्वतःहून अर्धी फी माफ केली. घरात पेढे वाटले. पण उरलेली अर्धी फी आणि होस्टेल... तिथं सरकारी शिष्यवृत्ती चालत नव्हती. ट्रस्टने हात दिला तर पुणं, नाही तर घरी बसायचं, इतकं सरळ होतं सगळं.

पप्पा मात्र ताठ होते. “बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकले,” ते म्हणायचे. “शिष्यवृत्ती म्हणजे भीक नाही, मित्रा. ती कमवावी लागते.”

आणि आई? आई त्यांच्याही वर ताठ. घरभेट होणार कळल्यावर अर्ध्या गल्लीतून तिने सामान जमवलं. सोफा, कूलर, कपबश्या, जेवायची मोठी ताटं.

“आई, अगं, त्याला दाखवायचंय की आपल्याकडे काही नाही!”

“काहीच नई कसं?” आई बट्ट्या वळता-वळता म्हणाली. “तू शे ना! आन् पाव्हना घर येई न् खाले बठी का?”

पाहुण्याला जमिनीवर बसवायचं नाही, हे ठरल्यावर पुढं वाद घालण्यात अर्थ नव्हता.

ठरल्या वेळी दार वाजलं. मी ओढणी नीट केली, चेहऱ्यावर शहाणी मुलगी चढवली आणि दार उघडलं.

तोच! रुमाल गेलेला, केस विंचरलेले, फाइल हातात.

“जयभीम,” तो गंभीरपणे म्हणाला. “मी युवराज. झमकूबाई ट्रस्टकडून आलोय.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तो आत आला, स्वतःच वाहून आणलेल्या सोफ्यावर टेकला, स्वतःच बसवलेल्या कूलरची हवा घेतली आणि म्हणाला, “सोफा छान आहे.”

“नवाच शे,” आई म्हणाली.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मग त्याने प्रश्न विचारले, नीट, शांतपणे. वकीलच का? जळगावात का नाही? पुण्याला जमेल का? मी फाडफाड उत्तरं दिली. आमच्या तालुक्यातल्या बायका कोर्टाची पायरी चढायला घाबरतात, कारण तिथं आपलं म्हणून कोणी नसतं, आणि मला ते ‘आपलं’ माणूस व्हायचंय, पण अर्धवट शिकून नाही... असं काय काय बोलले मी. बोलताना लक्षात आलं, तो लिहायचं थांबलाय. नुसता बघतोय.

“तुम्ही लिहीत नाही?”

“हो, हो... लिहितो ना,” तो म्हणाला आणि पेन उलटं धरलं.

जेवायला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. “खाई ल्या भाऊ, लाजू नका,” म्हणत आईने तुपाची धार धरली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आली आमची खरी फजिती. स्टीलची ताटं! लग्नाकार्यात आलेल्या ताटांवर नाव कोरलेलं असतं ना, तसं प्रत्येक ताटाच्या मधोमध ठसठशीत ‘सौ. कुंदाबाई’ कोरलेलं! सोफा, कूलर सगळं आईच्या ध्यानात राहिलं, ताटांवरचं नाव तेवढं राहिलं नाही, आणि तीच तिने हौसेने मांडली.

त्याचं वरण संपत आलं. एक-एक अक्षर उघडं पडायला लागलं. त्याने वाचलं, मी बघितलं त्याला वाचताना. आई भाजीचं पातेलं घेऊन त्याच्याच ताटावर वाकणार होती. तिने ते नाव बघितलं असतं, तर बिचारी त्या पाहुण्यासमोर मेल्याहून मेल्यासारखी झाली असती.

“आई,” तो पटकन म्हणाला, “अजून थोडं वरण वाढा ना. इकडं... मधोमध.”

आईने आनंदाने पळीभर वरण ओतलं. नाव बुडालं. त्याने मान वर केली नाही, मुकाट्याने बट्टी कुस्करत राहिला. पोट भरलेलं स्पष्ट दिसत होतं, तरी संपवलं सगळं. नाव परत दिसायच्या आत स्वतः उठून ताट मोरीत नेऊन ठेवलं.

तिथंच मी गेले. म्हणजे कामातून गेले! आतापर्यंत लोकांनी मला हुशार म्हटलं, चलाख म्हटलं, आगाऊ तर रोजच म्हटलं. पण माझ्या आईचा मान असा कोणी सांभाळला नव्हता, गुपचूप, आणि पोटाला तडस लागेपर्यंत.

गल्लीच्या तोंडापर्यंत मी त्याला सोडायला गेले.

“पोट सुटायचं आता माझं,” तो म्हणाला. “पान तेवढं राहिलं.”

“सॉरी म्हणणार नाही मी. तुम्ही आधी सांगायचं होतंत.”

“बोलू दिलंत कुठं तुम्ही?”

हे मात्र खरं होतं. मी हसले, तोही हसला. मग त्याने आपली गोष्ट सांगितली. तो पिंपळनेरचा, याच ट्रस्टच्या मदतीने इंजिनिअर झालेला, आता जळगावात पाइपच्या कारखान्यात नोकरीला. ट्रस्टची रीतच आहे – जे शिकून उभे राहिले, त्यांनी सुट्टीच्या दिवशी नव्या मुलांच्या घरभेटी करायच्या.

“माझ्या घरभेटीला आईने उलटं केलं होतं. टीव्ही शेजारी लपवला. पाहुणे बसलेत, आणि शेजारीण दारातून ओरडतेय – ‘व माय, तुना टीव्हीले मना घर जागा नई! माघारी ली जा!’”

“मग? तरी मिळाली शिष्यवृत्ती?”

“मिळाली. पाहुणे म्हणाले, टीव्ही आणा परत, पोराला बातम्या बघू द्या.”

हसून-हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मग मला माझं पुणं आठवलं आणि मी हसू आवरलं.

“अहवालात काय लिहिणार?”

“काय लिहू?”

“जे पाहिलंत ते. सोफा पाहिलात, सोफा लिहा. उसना आणलेला, हेही लिहा. पण माझ्या आईला खोटारडी लिहिलंत तर जळगावला येऊन भांडेन!”

“याल?” तो म्हणाला. “मग विचार करतो...”

असा होता बघा!

त्यानंतर त्याचे फोन आले. एकदा गुणपत्रिकेची प्रत राहिली म्हणून. एकदा प्रत मिळाली हे सांगायला. एकदा “पाचोऱ्यात ऊन कसंय?” हे विचारायला. जळगावात काय बर्फ पडत होता? मी म्हटलं तसं, तर पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि माझी कढईतली भाजी करपली. आई वास घेत आली, माझ्या तोंडाकडे बघून गॅस बंद करून परत गेली. आयांना सगळं कळतं.

आणि मग एके दिवशी त्याने सांगितलं, “मित्रा... तुमच्या घरभेटीचा अहवाल मी देत नाहीये.”

मी फोन कट केला. त्याने परत लावला, मी उचलला नाही. पुन्हा लावला, मी फोन बंदच करून टाकला. ज्याचा अहवाल नाही त्याचा अर्ज पुढच्या वर्षी, हा ट्रस्टचा नियम मला पाठ होता. आणि विद्यापीठ पुढच्या आठवड्यानंतर माझ्यासाठी जागा धरून ठेवणार नव्हतं. इतकी गोड-गोड विचारपूस करून शेवटी सोफाच नडला म्हणायचा! रडू येत होतं, पण रागाने त्याला येऊ दिलं नाही.

रविवारी सकाळी गाडी पकडून मी जळगाव गाठलं. ट्रस्टचं ऑफिस डाळ मिलच्या वरच्या मजल्यावर आहे, रविवारीच उघडतं. खाली पोत्यांच्या थप्प्या, हवेत तुरीच्या फोलपटांचा उग्र वास. जिन्यातच तो उभा होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला, त्याचा मला आणखीच राग आला.

“भांडायला आलेय,” मी म्हटलं.

“माहितीये. सकाळपासून वाट बघतोय.”

“एवढाच सोफा डाचत होता तर जेवलात कशाला आमच्याकडं?”

“सोफ्याचा काही संबंध नाही हो.”

“मग?”

त्याने मानेवरून हात फिरवला. “लिहायला बसलो मी. ‘मुलगी हुशार आहे’ लिहिलं. मग खोडून ‘फार हुशार आहे’ लिहिलं. मग ‘बोलताना तिचे डोळे...’ इथपर्यंत आलो, आणि कळलं की हा काही ट्रस्टचा अहवाल नाही.”

भांडायला आले होते, हेच मी विसरले. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

“ओळखीच्या किंवा नात्यातल्या घरी घरभेट करायची नाही, असा नियम आहे,” तो जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला.

“आपण कुठं नात्यातले आहोत?”

“नाही...” तो म्हणाला. “अजून.”

खालून कोणीतरी ट्रकवाल्याला ओरडत होतं. माझ्या कानात नुसतं ते ‘अजून’ घुमत होतं. पण पुणं विसरले नव्हते मी.

“आणि तुमच्या या ‘अजून’पायी माझं वर्ष गेलं तर?”

“म्हणून त्याच दिवशी नानांकडे गेलो. सुरेशचंद नाना, ट्रस्टचे प्रमुख. त्यांना खरं कारण सांगितलं. म्हटलं, माझा शब्द तिच्या बाजूने धरू नका, विरुद्धही धरू नका. ते म्हणाले, रविवारी तिला माझ्याकडे पाठव. हे सांगायलाच तर फोन करत होतो! तुम्ही उचलला असता तर...”

मी जीभ चावली.

“उद्या कोणी म्हणायला नको, युवराजने तिला मिळवून दिली,” तो हळू म्हणाला. “ही तुमची कमाई आहे, मित्रा. त्यात माझा वाटा नको.”

काय सांगू, त्या जिन्यात मला त्याचा इतका अभिमान वाटला! फुकटचे उपकार चढवणारे पुष्कळ पाहिले होते मी. हा उलटाच निघाला, दूर होऊन मला माझ्या जागी उभं करणारा. पण ते नंतर. आधी आत जायचं होतं.

नाना म्हणजे पांढऱ्या सदऱ्यातले, कपाळाला चंदनाचा टिळा लावलेले म्हातारे गृहस्थ. मागे त्यांच्या आईचा, झमकूबाईंचा फोटो. बाजूला त्यांचे मुनीम लिहायला बसलेले.

“बैस बेटा. अहवाल तर नाही तुझा. मग तूच कर घरभेट. सांग, काय आहे तुझ्या घरात?”

मी श्वास घेतला. “दोन खोल्या आहेत. पंखा आहे. सोफा नाही, कूलर नाही. तुमचा माणूस आला त्या दिवशी होते, ते आईने शेजारून आणले होते.”

“म्हणजे आईने खोटं दाखवलं?”

मला माहीत होतं, इथं नरम पडले तर चालून जाईल. डोळ्यांत पाणी आणलं तर आणखीच बरं. पण नाहीच जमलं ते.

“नाही नाना. खोटं दाखवून आम्हाला फायदा होता का? उलट तोटाच. आलेल्या माणसाला मानाने बसवायचं, चांगलं खाऊ घालायचं, एवढंच तिला ठाऊक. स्वतःला बिचारी म्हणून दाखवणं तिला येत नाही. मलाही येत नाही. गुण बघा माझे, पप्पांचं उत्पन्न बघा. त्यात बसत असेन तर द्या. नसेन बसत, तर मी रडणार नाही. पण माझ्या आईला नावं ठेवून मिळणारी शिष्यवृत्ती मला नको.”

बोलून गेले आणि मग भानावर आले. गेलं पुणं! मुनीम माझ्याकडे बघत राहिले होते. नाना उठले, खिडकीपाशी गेले, परत आले.

“माझी आई निरक्षर होती,” ते म्हणाले. “पण दारात आलेल्याला उभ्या-उभ्या पाणी दिलं तर रागवायची. तुझी आई तिला आवडली असती.” मग मुनीमांकडे वळून म्हणाले, “लिहा. तीन वर्षांची उरलेली फी आणि होस्टेल, मंजूर. गरीब व होतकरू विद्यार्थिनी संघमित्रा आधार...”

“नाना,” मी म्हटलं, “नुसतं ‘विद्यार्थिनी’ लिहा ना.”

मुनीमांचं पेन थबकलं. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग हसले, गदगदा हसले.

“खोडा ते. नुसतं विद्यार्थिनी. पोरगी आत्तापासूनच वकील आहे!”

जिना मी उतरले की उडाले, आठवत नाही. आधी आईला फोन लावला. मंजूर झाली म्हणून सांगितलं. मग एकदम तिचा रडवेला, चढा आवाज आला, माझ्यासाठी नव्हे, गल्लीसाठी. “व कुंदाबाई! ऐकं का? मनी पोर वकील व्हयनार शे! बठ्ठासले सांगी दे!” फोन तसाच चालू ठेवून ती सगळ्यांना सांगायला स्वतःच बाहेर पळाली. पप्पांचा खाकरल्याचा आवाज आला, आणि मग “कमावलीस, मित्रा,” एवढंच. मी रडले तेव्हा, भर बाजारात, डाळीच्या पोत्यांना टेकून, अजिबात न लाजता.

युवराज समोरच्या रसवंतीवर उभा होता. उसाच्या रसाचे दोन ग्लास भरून ठेवले होते त्याने, बर्फ पार विरघळला होता.

“मिळाली?”

“मिळाली. सगळी.”

त्याने डोळे मिटले आणि मोठ्ठा श्वास सोडला. परीक्षा जशी त्याचीच होती.

“आता तुमच्या हातात माझं काही उरलंय?” मी विचारलं.

“नाही. कागद नाही, सही नाही... काहीच नाही.”

“मग आता बोला.”

“काय बोलू?”

“जिन्यात ‘अजून’वर थांबला होतात.”

तो कानापर्यंत लाल झाला. “मला ना... म्हणजे तुम्ही... त्या दिवशी सोफा...”

“अरे देवा! इंजिनिअर ना हो तुम्ही?” मी ग्लास खाली ठेवला. “राहू द्या, मीच बोलते. मला तुम्ही आवडता. ताटातलं नाव झाकायला आईकडून वरण मागून घेतलंत तेव्हापासून. आणि आज त्याहून जास्त आवडता. झालं! आता तुम्ही.”

“मलाही,” तो म्हणाला. “सोफ्याच्या दुसऱ्या बाजूला होतो तेव्हापासून. ‘धरा की’ म्हणालीस... आणि मी धरलं. तू म्हटलं तर चालेल ना?”

“म्हटलंस की आत्ता!”

त्याचा हात रसवंतीच्या फळीवर होता. मी माझा शेजारी ठेवला, इतका जवळ, की करंगळीला करंगळी लागली. दोघांनीही काढला नाही. रसवंतीचं चाक घुंगरं वाजवत फिरत होतं आणि जळगावचं ते ऊनसुद्धा मला गोड लागत होतं.

“तीन वर्षं, मित्रा,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “पुणं लांब आहे.”

“आहेच. आणि मी तिथं अभ्यास करणार आहे, तुझ्या फोनची वाट बघत बसणार नाही. रविवारी कर, उचलेन.”

“नक्की उचलशील?”

“भांडण नसेल तर. आणि ऐक, तीन वर्षांनी वकील होऊन मीच येणार पिंपळनेरला. आई-पप्पांना घेऊन, तुला मागणी घालायला. घरी सांगून ठेव.”

त्याने ग्लास रिकामा केला. मग अगदी साळसूदपणे म्हणाला, “सांगतो. पण आई पहिला प्रश्न विचारेल, मुलगी काय करते?”

“सांग, शिकते,” मी म्हटलं. “स्वतःच्या कमाईवर.”